मौन म्हणजे संमति काय?

अमेरिकेंतील पेन्शन-योजना आणि दोन कायद्यांचा झगडा

‘मौनं संमतिलक्षणम्’ हें वचन आपल्याकडे लग्नाच्या बैठकीपासून सभेंतील ठरावापर्यंत सर्वत्र सोयीनें वापरलें जातें. अध्यक्ष विचारतात, “कोणाची हरकत आहे काय?” सभागृह गप्प बसतें, आणि ठराव एकमतानें संमत झाल्याचें जाहीर होतें. परंतु प्रश्न ठरावाचा नसून पगाराचा असला तर? महिनाअखेर मालकानें तुमच्या वेतनांतून कांहीं रक्कम कापून घेतली, आणि तुम्हीं जाब विचारल्यावर तो म्हणाला, “आम्हीं आपणांस आधीं कळविलें होतें, आपण कांहीं बोललां नाहीं, तेव्हां आपली संमति आहे असें आम्हीं धरलें,” तर हें उत्तर आपणांस पटेल काय? बहुतेकांना पटणार नाहीं. पण ती कापलेली रक्कम मालकाच्या खिशांत न जातां तुमच्याच नांवें, तुमच्याच म्हातारपणासाठीं, निराळ्या खात्यांत जमा होत असली तर? येथें मन थोडें घुटमळतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायदेमंडळें आणि न्यायालयें गेलीं पंचवीस वर्षें नेमकीं याच ठिकाणीं घुटमळलीं. त्या वादाची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

हा वाद दूर देशींचा असला तरी अगदींच परका नाहीं. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें, भाचे, पुतण्या आज न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा ठिकाणीं नोकरीस आहेत, आणि त्यांच्या पगारपत्रकांतील एका ओळीचा हा इतिहास आहे. शिवाय वृद्धपणाची तरतूद सक्तीनें करवावी, मर्जीवर सोडावी, कीं या दोहोंच्या मधला एखादा मार्ग काढावा, हा प्रश्न प्रत्येक देशापुढें आहे.

प्रथम अमेरिकेच्या राज्यरचनेविषयीं दोन शब्द. तेथें कायदे करणारे दोन थर आहेत. वॉशिंग्टन येथील मध्यवर्ती सरकार हा एक, आणि पन्नास संस्थानें हा दुसरा. मजुराचें वेतन केव्हां द्यावें, कसें द्यावें, त्यांतून काय कापावें, हें मुख्यतः संस्थानांच्या कायद्यांनीं ठरतें. खासगी मालकांनीं नोकरदारांसाठीं उघडलेल्या पेन्शन-योजनांचा कारभार मात्र १९७४ पासून मध्यवर्ती कायद्याखालीं चालतो. म्हणजे पगाराच्या एकाच पाकिटावर दोन सत्तांचा अंमल आहे. झगड्याचें मूळ येथें आहे.

आधीं संस्थानांची बाजू पाहूं. पगारकपातीविषयींचे त्यांचे कायदे कांहीं लहरीनें झालेले नाहींत. एकोणिसाव्या शतकांत खाणींच्या आणि गिरण्यांच्या वसाहतींत मजुराला रोख पैशाऐवजीं मालकाच्या दुकानांतच चालणाऱ्या चिठ्ठ्या देण्याची पद्धति बऱ्याच ठिकाणीं होती. घरभाडें, हत्यारांची किंमत, उशिराचा दंड, बिघडलेल्या मालाची भरपाई, दुकानाची उधारी असें वजा करतां करतां मजुराच्या हातीं फारच थोडें उरे. कधीं कधीं उलट तोच मालकाचें देणें लागे. हा जुलूम थांबविण्यासाठीं अनेक संस्थानांनीं कायदे केले. त्यांचें सार असें कीं, कामगारानें लिहून दिल्यावांचून त्याच्या वेतनाला हात लावतां कामा नये.

न्यूयॉर्कच्या कामगार-कायद्याचें १९३ वें कलम हें याचें चांगलें उदाहरण आहे. करांसारख्या कायद्यानें ठरविलेल्या कपाती सोडल्या, तर इतर कपातीला त्या कलमाप्रमाणें दोन कसोट्यांना उतरावें लागतें. ती कामगारानें स्पष्टपणें लेखी मान्य केलेली असली पाहिजे, आणि ती त्याच्या हिताची असली पाहिजे. हितकारक कपातींच्या यादींत पेन्शनचा उल्लेख आहे. परंतु यादींत नांव आहे म्हणून सही चुकत नाहीं. अशाच धर्तीचे नियम केंटकींत आहेत, कॅलिफोर्नियांत आहेत. कामगाराची सही ही त्याच्या घराच्या दाराची कडी आहे, आणि ती आंतूनच उघडली पाहिजे, असा या कायद्यांचा भाव आहे. त्यांत चूक काढण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां मध्यवर्ती सरकारची बाजू. डिसेंबर १९६३ मध्यें स्टुडबेकर या मोटार-कंपनीनें इंडियाना संस्थानांतील साउथ बेंड येथील आपला कारखाना बंद करण्याचें ठरविलें. कामगारांना पेन्शनचें आश्वासन होतें, पण त्या फंडांत पुरेसा पैसा नव्हता. साठी गाठलेल्या कामगारांना पूर्ण पेन्शन मिळालें. चाळीस ते साठ या वयांतील, दहा वर्षांहून अधिक नोकरी झालेल्या सुमारें ४,००० कामगारांच्या हातीं हक्काच्या रकमेच्या सुमारें १५ टक्केच आले. त्यांहून तरुण होते त्यांना कांहींच मिळालें नाहीं. आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें दिलेल्या माणसांची ही दैना पाहून देश हळहळला. अशा घटनांनीं पेटलेल्या चर्चेंतून एक मोठा कायदा जन्मास आला. २ सप्टेंबर १९७४ रोजीं अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीं त्यावर सही केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एरिसा’ या नांवानें ओळखला जातो.

एरिसाच्या ५१४ व्या कलमानें संस्थानांच्या सत्तेवर मोठीच कुऱ्हाड घातली. नोकरदारांच्या लाभ-योजनांशीं ‘संबंध असलेले’ संस्थानांचे यच्चयावत् कायदे या कायद्यापुढें निष्प्रभ होतील, असें तें कलम सांगतें. विमा, बँका, रोखे यांविषयींचे कायदे आणि सर्वसाधारण फौजदारी कायदे तेवढे वगळले आहेत. यामागील हेतु समजण्यासारखा आहे. एखाद्या कंपनीच्या कचेऱ्या तीस संस्थानांत असल्या आणि प्रत्येकानें पेन्शनचा निराळा नियम केला, तर कंपनीला तीस हिशेब ठेवावे लागतील. त्याचा खर्च अखेर पेन्शनरांच्याच माथीं बसेल, किंवा कंपनी योजनाच उघडणार नाहीं.

परंतु ‘संबंध असलेले’ या दोन शब्दांनीं वकिलांना अर्धशतक पुरेल एवढें काम दिलें. १९८३ मध्यें सुप्रीम कोर्टानें शॉ विरुद्ध डेल्टा एअर लाइन्स या खटल्यांत त्यांचा अर्थ पुष्कळ व्यापक केला. संस्थानाच्या कायद्याचा योजनेशीं नुसता धागा जुळत असला किंवा त्यांत योजनेचा निर्देश असला, तरी तो कायदा बाद होऊं शकतो असें ठरलें. पुढें १९९५ मध्यें न्यायमूर्ति डेव्हिड सूटर यांनीं ट्रॅव्हलर्स विमा कंपनीच्या खटल्यांत या व्यापकपणाला लगाम घातला. हेन्री जेम्स या कादंबरीकाराच्या वचनाचा आधार घेऊन ते म्हणाले कीं, संबंध शोधूं लागल्यास जगांत प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशीं संबंध निघतो. तेव्हां शब्दाकडे न पाहतां कायद्याच्या हेतूकडे पाहिलें पाहिजे. तत्त्व उत्तम, पण वेतनकपातीचा साधा कायदा, ज्यांत पेन्शन हा केवळ यादींतील एक शब्द आहे, तो या रेषेच्या अलीकडे पडतो कीं पलीकडे, याचें उत्तर मालकाला कोणी छातीठोकपणें देऊं शकेना.

हा प्रश्न कळीचा होण्याचें कारण म्हणजे पेन्शनचें रूपच मध्यंतरीं पालटलें होतें. १९७८ च्या कर-कायद्यांत ४०१-के या क्रमांकाचें एक छोटें पोटकलम आलें. नोकरदारानें आपल्या पगाराचा कांहीं भाग हातीं न घेतां योजनेंतील स्वतःच्या खात्यांत टाकला, तर त्यावरील प्राप्तीकर तूर्त माफ व्हावा, अशी ती सवलत होती. पुढें याच पोटकलमावर खासगी क्षेत्रांतील निवृत्तियोजनांचा मोठा डोलारा उभा राहिला. जुन्या पद्धतींत पेन्शनचें वचन मालक देत असे आणि जोखीमहि त्याचीच असे. नव्या पद्धतींत खातें नोकरदाराचें, पैसा मुख्यतः नोकरदाराचा, आणि जोखीमहि नोकरदाराची. मालक बहुधा आपल्याकडून कांहीं भर घालतो, परंतु ती मिळण्यासाठीं नोकरदारानें स्वतः सामील व्हावें लागतें.

आणि येथेंच घोडें अडतें. सामील होण्यासाठीं एक अर्ज भरावयाचा असतो. किती टक्के कापावें, पैसा कोणत्या फंडांत गुंतवावा, वारस कोण, हें सारें त्यांत लिहावयाचें. नोकरी नवी, घर लावावयाचें आहे, अर्ज टेबलाच्या खणांत जातो. “पुढच्या महिन्यांत बघूं” असें म्हणतां म्हणतां वर्ष उलटतें, दोन वर्षें उलटतात. त्याला बचत नको असते असें नाहीं. विचारलें तर तो हवीच म्हणेल. आपल्यांतील किती जणांचीं मृत्युपत्रें याच कारणानें लिहावयाचीं राहिलीं आहेत हें ज्यानें त्यानें मनाशीं आठवावें.

या आळसाला उलटें फिरवून त्याच्याकडूनच काम करून घेण्याची युक्ति म्हणजे ‘आपोआप नांवनोंदणी’. अर्ज केला तर आंत, न केला तर बाहेर, हा नियम बदलून, नकार कळविला तर बाहेर, न कळविला तर आंत, असा नियम करावयाचा. १९९८ मध्यें मध्यवर्ती प्राप्तीकर खात्यानें नव्या नोकरदारांच्या बाबतींत अशी पद्धति कर-कायद्यांत बसते असा निर्णय दिला, आणि २००० मध्यें ती मुभा जुन्या नोकरदारांपर्यंत वाढविली.

या बदलाचा परिणाम केवढा होतो हें ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनीं २००१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसून आलें. त्यांनीं एका मोठ्या कंपनीचे आंकडे तपासले. जुन्या नियमाखालीं लागलेल्या नोकरदारांपैकीं शंभरांत ४९ योजनेंत सामील झालेले होते. नव्या नियमाखालीं लागलेल्यांपैकीं शंभरांत ८६ जण योजनेंत होते. पगार, सवलती, नफा यांत कांहीं फरक नव्हता. फरक एवढाच कीं, गप्प बसण्याचा अर्थ बदलला होता. सर्वांत अधिक वाढ कमी पगाराच्या आणि तरुण नोकरदारांत दिसली, म्हणजे ज्यांच्या हातून बचत एरवीं सर्वांत कमी होते त्यांच्यांतच.

आतां पगारवाटप करणाऱ्या अधिकाऱ्याची अडचण पाहा. मध्यवर्ती प्राप्तीकर खातें म्हणतें, सहीवांचून कापलें तरी चालेल. संस्थानाचा कामगार-कायदा म्हणतो, सहीवांचून एक सेंट कापूं नका. कापलात तर रक्कम परत द्यावी लागेल आणि वर भुर्दंड भरावा लागेल. एरिसा हा संस्थानाचा कायदा बाजूला सारतो असें एक वकील सांगतो. दुसरा म्हणतो, तो कायदा वेतनाचा आहे, पेन्शनचा नव्हे, तेव्हां तो जिवंतच आहे. अशा वेळीं सावध मालक काय करील? तो कांहींच करणार नाहीं. कामगाराच्या रक्षणासाठीं उभारलेली भिंत अशा रीतीनें त्याच्याच पेन्शनच्या वाटेवर आडवी आली.

हा पेंच अखेर काँग्रेसनें, म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळानें, सोडविला. १७ ऑगस्ट २००६ रोजीं अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीनें पेन्शन-संरक्षणाचा नवा कायदा झाला. त्यानें एरिसाच्या ५१४ व्या कलमांत एक पोटकलम घातलें. एरिसाच्या कक्षेंतील योजनेंत आपोआप वर्गणीची व्यवस्था ठेवण्यास प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीनें मनाई किंवा अडथळा करणारा संस्थानाचा कोणताहि कायदा चालणार नाहीं, असें त्यांत निःसंदिग्ध सांगितलें आहे. ‘संबंध आहे कीं नाहीं’ हा काथ्याकूट येथें उरला नाहीं.

परंतु सही काढून घेतल्यावर तिच्या जागीं काय ठेवलें, हें पाहणें अधिक महत्त्वाचें आहे. पहिली गोष्ट म्हणजे सूचना. दरसाल, योग्य अवधि ठेवून आणि सामान्य नोकरदाराला समजेल अशा भाषेंत, त्याला कळविलें पाहिजे कीं तुमच्या पगाराचा इतका भाग कापला जाईल, तो अमक्या फंडांत जाईल, आणि तुम्हांला नकार देण्याचा किंवा प्रमाण बदलण्याचा हक्क आहे. दुसरी गोष्ट, गुंतवणूक. नोकरदारानें स्वतः फंड निवडला नाहीं तर पैसा कोठें ठेवावा याचे नियम मजूर-खात्यानें २००७ मध्यें केले, म्हणजे मालकाला तो भलत्याच ठिकाणीं गुंतवितां येऊं नये. तिसरी गोष्ट, परतीची वाट. पहिली कपात झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत नोकरदाराला आपली रक्कम परत मागतां यावी, अशी तरतूद योजनेंत ठेवण्याची सोय झाली. सही हा एकाच क्षणाचा पहारा असतो; त्याऐवजीं येथें आधींचा, मधला आणि नंतरचा असे तीन पहारे बसविले.

तरी या कायद्याची सत्ता एरिसाच्या कुंपणापर्यंतच आहे. सरकारी नोकरांच्या योजना मूळ कायद्यांतूनच वगळलेल्या आहेत. चर्चच्या योजनाहि, त्यांनीं स्वतः होऊन एरिसा पत्करला नसेल तर, त्याबाहेरच राहतात. त्या बाबतींत संस्थानाचा कपातीचा कायदा आजहि उभा आहे. एखाद्या शहराला आपल्या कारकुनांची किंवा अग्निशामकांची आपोआप नोंदणी करावयाची असली, तर त्या संस्थानाच्या कायद्यांत तशी मुभा आहे काय हें आधीं पाहावें लागतें.

येथवर संस्थानें अडवीत होतीं आणि मध्यवर्ती कायदा वाट मोकळी करीत होता. पुढच्या अंकांत भूमिका पालटल्या.

वरील सारी व्यवस्था ज्यांच्या मालकानें योजना उघडली आहे त्यांच्यासाठीं. पण अमेरिकेंत खासगी मालकाला योजना उघडण्याची सक्ति नाहीं. छोटीं दुकानें, उपाहारगृहें, बांधकामाचे ठेकेदार, शेतमळे यांतील लक्षावधि नोकरदारांना अशी योजनाच नव्हती. त्यांना सार्वजनिक वृद्धवेतनाचा काय तो आधार. हीं माणसें उद्यां हातीं कांहीं नसतां म्हातारीं झालीं तर त्यांचा भार संस्थानांच्याच तिजोरीवर पडणार. म्हणून कांहीं संस्थानें स्वतःच पुढें सरसावलीं. कॅलिफोर्नियानें २०१२ मध्यें पायाभूत कायदा केला आणि २०१६ मध्यें योजनेला मंजुरी दिली. इलिनॉय व ऑरेगन यांनीं २०१५ मध्यें कायदे केले. ऑरेगनची योजना २०१७ मध्यें आणि कॅलिफोर्नियाची ‘कॅलसेव्हर्स’ योजना २०१९ मध्यें सर्वांसाठीं खुली झाली. ज्या मालकापाशीं स्वतःची योजना नाहीं त्यानें आपल्या नोकरांचीं नांवें संस्थानाच्या मंडळाला कळवावयाचीं आणि पगारांतून कपात करून ती पाठवावयाची; नोकरानें नकार दिला तर त्याचें नांव वगळावयाचें. खातें नोकराचें स्वतःचें. मालकानें त्यांत एक सेंटहि घालावयाचा नाहीं. कॅलिफोर्नियांत नोकरानें कांहीं कळविलें नाहीं तर प्रथम ५ टक्के कापले जातात आणि पुढें दरसाल एकेक टक्का वाढवीत ८ टक्क्यांपर्यंत नेलें जातें. हुकूम न पाळणाऱ्या मालकाला तेथें दंड आहे. मेरीलँड संस्थानानें मात्र दंडाऐवजीं, पाळणाऱ्याला वार्षिक शुल्कांत ३०० डॉलरांची सूट देण्याचा गोड मार्ग पत्करला.

आतां त्याच ५१४ व्या कलमाची ढाल संस्थानांविरुद्ध उगारली गेली. आक्षेप असा: ही मालकामार्फत चालणारी पेन्शन-योजनाच झाली, आणि पेन्शन-योजनांविषयीं कायदा करण्याचा संस्थानांना अधिकार नाहीं. मजूर-खात्याचा १९७५ चा एक जुना नियम होता. नोकरदाराचा सहभाग ‘पूर्णपणें ऐच्छिक’ असेल आणि मालक केवळ पगारांतून रक्कम पोंचविण्याचें काम करील, तर ती मालकाची योजना समजूं नये, असें त्यांत म्हटलें होतें. मग पुन्हां तोच प्रश्न आला. जो गप्प बसला म्हणून आंत आला, त्याचा सहभाग ‘पूर्णपणें ऐच्छिक’ म्हणावयाचा काय?

२०१६ च्या ऑगस्टमध्यें मजूर-खात्यानें नवा नियम करून संस्थानांच्या योजनांना अभय दिलें. परंतु २०१७ च्या मे महिन्यांत काँग्रेसच्या ठरावानें आणि अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांच्या सहीनें तो नियम रद्द झाला. अभय गेलें, पण योजना बेकायदा ठरविणारा शब्दहि कोणी उच्चारला नव्हता. अशा त्रिशंकु अवस्थेंत संस्थानांनीं काम चालूं ठेवलें. २०१८ मध्यें हॉवर्ड जार्विस करदाता संघानें कॅलिफोर्नियाविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयानें तो फेटाळला, आणि ६ मे २०२१ रोजीं नवव्या विभागाच्या अपील-न्यायालयानें तोच निर्णय कायम केला.

त्या निकालाची विचारसरणी समजून घेण्यासारखी आहे. एरिसा कोणत्या योजनांना लागूं आहे? मालकानें किंवा कामगार-संघटनेनें स्थापन केलेल्या अथवा चालविलेल्या. कॅलसेव्हर्स कोणी स्थापन केली? संस्थानानें, आणि तें या नोकरांचें मालक नव्हे. दुकानदार काय करतो? नांवें कळवितो आणि पैसे पोंचवितो. पैसा कोठें गुंतवावा, कोणाला किती द्यावें, यांत त्याला तोंड घालतां येत नाहीं. टपालवाल्याच्या हातून मनीऑर्डर आली म्हणून ती टपालवाल्याची होत नाहीं, तसेंच हें. मालकाची योजनाच नसेल तर एरिसाच्या कुऱ्हाडीला छाटण्यास फांदीच उरत नाहीं. ‘पूर्णपणें ऐच्छिक’ म्हणजे काय या गहन प्रश्नाचा उलगडा न करतांहि न्यायालयाला निकाल देतां आला. फेब्रुवारी २०२२ मध्यें सुप्रीम कोर्टानें या प्रकरणांत हात घालण्याचें नाकारलें, आणि कॅलसेव्हर्सपुरता हा वाद मिटला.

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यवर्ती सरकारनें आणखी एक पाऊल टाकलें. २९ डिसेंबर २०२२ रोजीं अध्यक्ष जो बायडेन यांनीं सही केलेल्या कायद्याप्रमाणें, त्या दिवसापासून नव्यानें स्थापन होणाऱ्या ४०१-के व तत्सम योजनांत २०२५ च्या योजना-वर्षापासून आपोआप नांवनोंदणी सक्तीची झाली. आरंभीं ३ ते १० टक्के, पुढें दरसाल एक टक्का वाढवीत किमान १० आणि कमाल १५ टक्के असें प्रमाण ठरविलें आहे. दहा किंवा त्यांहून कमी नोकर असलेले मालक, तीन वर्षांहून नवे उद्योग, सरकारी आणि चर्चच्या योजना यांना सूट आहे. योजना उघडण्याची सक्ति आजहि नाहीं. उघडली तर तिचें दार उघडें ठेवून नोकराला आंत बसवा, एवढेंच सांगणें आहे.

या पद्धतीचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. ज्या आळसानें माणूस आंत येतो त्याच आळसानें तो पहिल्या आंकड्यावर चिकटून बसतो. मॅड्रियन व शे यांच्या अभ्यासांतील कंपनींत हा आंकडा ३ टक्के होता. ज्यांनीं स्वतः अर्ज भरून कदाचित् अधिक कापून घेतलें असतें असेहि कित्येकजण तीनवरच थांबले. वर्षाला ४०,००० डॉलर मिळविणाऱ्याचे ३ टक्के म्हणजे अवघे १,२०० डॉलर, महिन्याला शंभर. एवढ्यानें म्हातारपण सुखाचें जाईल ही समजूत धोक्याची आहे. म्हणूनच नव्या कायद्यांत दरसाल वाढ आली. उलट ज्याच्या डोक्यावर जबर व्याजाचें कर्ज आहे, त्याला तेच शंभर डॉलर कर्जफेडीला अधिक उपयोगी पडले असते. आणि सूचनेची भाषा कितीहि सोपी केली, तरी जो ती वाचतच नाहीं त्याच्या मौनाला संमति म्हणणें हें कायद्याचें सौजन्य आहे, वस्तुस्थिति नव्हे.

आपल्या देशानें १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यानें निराळी वाट धरली. ज्याला तो लागूं आहे त्याच्या पगारांतून वर्गणी कापली जाते, मालकालाहि आपला वांटा घालावा लागतो; तेथें संमतीचा प्रश्नच विचारला जात नाहीं. सक्तीनें पुंजी जमते, पण माणसाची मर्जी बाजूला राहते. निव्वळ ऐच्छिक पद्धतींत मर्जी राखली जाते, पण पुंजी राहून जाते. आपोआप नांवनोंदणी हा या दोहोंमधला मार्ग आहे.

तेथें नोकरीस असलेल्या आपल्या माणसांनीं यांतून घ्यावयाचा व्यावहारिक बोध थोडक्यांत सांगतों. रुजू होतांना मिळणाऱ्या कागदांत ही सूचना शोधून वाचावी. मालक आपल्या वर्गणीवर भर घालीत असला, तर ती पुरी मिळण्याइतकें तरी प्रमाण स्वतः ठरवावें. चार-सहा वर्षांत परत येण्याचा विचार असेल तर ९० दिवसांची मुदत संपण्यापूर्वींच निर्णय करावा. कारण ती गेल्यावर साडेएकोणसाठ वयाच्या आधीं पैसा काढल्यास नेहमींच्या प्राप्तीकराखेरीज बहुधा १० टक्के जादा कर बसतो. नोकरी बदलतांना जुनें खातें विसरूं नये. व्यवस्था आपोआप चालते हें खरें. तिच्यावर नजर मात्र आपोआप राहत नाहीं.

मग मौन म्हणजे संमति काय? या दीर्घ वादांतून निघणारें उत्तर माझ्या मतें असें आहे. तीन अटी पाळल्या असतील तरच मौनाला संमतीचें मोल द्यावें. गप्प बसणाऱ्याला आधीं समजेल अशा शब्दांत सांगितलेलें असावें. बाहेर पडण्याचें दार त्याच्यासाठीं खरोखर उघडें असावें. आणि त्याच्या गप्प बसण्याचा लाभ त्याच्याच पदरीं पडावा, दुसऱ्याच्या नव्हे. खाणीच्या दुकानदारानें मजुराच्या मौनाचा अर्थ आपल्या फायद्याचा लावला, म्हणून संस्थानांना सहीचा कायदा करावा लागला. पुढें त्याच मौनाचा अर्थ मजुराच्या फायद्याचा लावतां येतो असें दिसून आलें, तेव्हां सहीचा आग्रह सैल करण्यास हरकत उरली नाहीं. कायदा दोन्ही वेळीं एकाच माणसाचें रक्षण करीत होता. उद्यां कोणी आपल्या मौनाचा आधार घेऊन आपला पैसा हलवूं लागला, तर सही आहे कीं नाहीं हें विचारण्याबरोबरच तो पैसा अखेर कोणाच्या खात्यांत जाऊन थांबतो, हेंहि आपण विचारलें पाहिजे.